जुन्या वाड्याचे नवे घर करताना

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून नदीच्या बाजूला वळले की आपण नारायण पेठेत शिरतो. नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेठेत आज तीन प्रकारच्या वास्तू दिसतात. काही जुने वाडे अजून आहे त्या स्थितीत उभे आहेत; कुणाचे छप्पर गळते आहे, तर कुणाला लाकडाचे टेकू दिले आहेत. काही वाड्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती आल्या आहेत. तिसरा प्रकार अलीकडे वाढतो आहे. बाहेरून पाहावे तर तोच जुना दिंडी दरवाजा, तेच सागवानी खांब. परंतु आत पाऊल टाकले की गुळगुळीत फरशी, छताखाली पांढरे आच्छादन, त्यात दडवलेले दिवे, काचेचे दरवाजे आणि भिंतीवर वातानुकूलन यंत्र. वाडा न पाडता त्याच्या आत नवे घर किंवा नवी कचेरी थाटलेली असते.

ही कल्पना नवी नाही. याच पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली बडोद्याच्या गायकवाड महाराजांकडून विकत घेतला. राहण्यासाठी बांधलेल्या या वास्तूत पुढे ‘केसरी’चे काम चालू लागले आणि लोक तिला केसरीवाडा म्हणू लागले. आज तेथे टिळकांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. जवळच्या सदाशिव पेठेतील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचे निवासस्थान होता. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे काही काळ नगरपालिकेची कचेरीही तेथेच होती. म्हणजे गरजेप्रमाणे वाड्याचा उपयोग बदलणे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे.

तरीसुद्धा एक प्रश्न उरतो. नूतनीकरण केलेले काही वाडे पुढे वर्षानुवर्षे उत्तम राहतात, तर काहींच्या भिंतींना दोन पावसाळ्यांतच ओल येते, गिलाव्याचे पोपडे पडतात, खोल्या तापतात आणि एखादी तुळई वाकू लागते. असे का होते? कारागिरांची हयगय हे एक कारण असू शकेल. पण बहुतेक वेळा कारण भौतिकशास्त्राचे असते. जुन्या घराचा प्रत्येक भाग काही ना काही काम करीत असतो. जाड भिंत, उघडा चौक, चुन्याचा गिलावा, मधला खांब हे सारे आपल्याला ‘जुनाट’ वाटते. ते आपण काढून टाकतो. पण ते करीत असलेले काम आता कोण करणार, हे विचारायचे राहून जाते. विद्यार्थी मित्रहो, हाच प्रश्न आपण वाड्याच्या एकेका भागाला विचारू या.

वाड्याचा सांगाडा

पेशवाईतील वाड्यांची रचना साधारण सारखी असे. खाली घडीव दगडांचे जोते, त्यावर दगडी तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्या व मातीचा थर. याला कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधल्या अंतराला ‘खण’ म्हणत आणि घराचे माप खणांतच सांगत. भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असत. घराचा बराचसा भार हा लाकडी सांगाडा पेलतो. भिंती त्याला आधार देतात व आडोसा करतात. मात्र बाहेरच्या जाड भिंतींमध्ये तुळयांची आणि कड्यांची टोके रुतवलेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

या रचनेच्या दोन दुबळ्या बाजू पुण्याच्या इतिहासातच नोंदलेल्या आहेत. पहिली आग. शनिवारवाडा १८२८ मध्ये पेटला आणि अनेक दिवस जळत राहिला. आज तेथे आपल्याला तटबंदी, दरवाजे आणि दगडी जोती दिसतात. लाकडाचे ते सारे गेले. दुसरी पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुरात नारायण पेठेसह नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मातीत बांधलेली भिंत कोरडी असते तोवर भक्कम असते. भिजली की मातीच्या कणांना धरून ठेवणारी शक्ती नाहीशी होते. त्या दिवशी असंख्य वाडे खचले ते यामुळेच. म्हणून जुने ते सगळे सोने, असे मानण्याचे कारण नाही. जुन्याचे गुण आणि दोष दोन्ही मोजले पाहिजेत.

मधला खांब काढला तर?

आजच्या घराला ऐसपैस दिवाणखाना हवा असतो. वाड्यात मात्र दर सात-आठ फुटांवर खांब आडवा येतो. मग सहज विचार येतो, ‘हा एक खांब काढून टाकला तर?’

समजा, तीन खांबांवर दोन खणांच्या दोन तुळया टेकलेल्या आहेत. मधला खांब काढून त्याच जाडीची एकच लांब तुळई टाकली, तर अंतर दुप्पट झाले. तुळईवर भार सगळीकडे सारखा पसरलेला आहे, असे धरू. अंतर दुप्पट म्हणून भारही दुप्पट. आणि तो भार टेकूपासून दुप्पट दूर, म्हणजे तरफेची भुजाही दुप्पट. म्हणून तुळईला वाकवणारा परिणाम दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट झाला. आता तुळई मध्यभागी किती झुकेल ते पाहा. वाकण्याची तीव्रता चौपट झाली आणि झोल हा वाकण्याच्या तीव्रतेला लांबीच्या वर्गाने गुणून ठरतो. लांबी दुप्पट म्हणून तिचा वर्गही चौपट. चार चोक सोळा! खांब एक काढला, पण झोल सोळापट झाला.

याचा पडताळा तुम्ही घरी घेऊ शकता. लोखंडी किंवा प्लॅस्टिकची लांब पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा. आधी पुस्तकांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, नंतर ३० सेंटिमीटर. दोन्ही वेळा पट्टीच्या मध्यावर तेच वजन ठेवून पट्टी किती खाली जाते ते मोजा. येथे भार पसरलेला नसून एकाच जागी आहे आणि तो वाढलेला नाही, म्हणून झोल सोळापट न येता सुमारे आठपट येईल.

यावर उपाय नाही असे नाही. तुळईची उभी जाडी वाढवली की ती फार लवकर बळकट होते. जाडी दुप्पट केली तर सहनशक्ती चौपट आणि ताठरपणा आठपट होतो. सोळापट झोल मूळ मापावर आणायचा तर जाडी सुमारे अडीचपट करावी लागेल. एवढे जाड लाकूड आज मिळणे कठीण आणि महाग. म्हणून तेथे लोखंडी गर्डर वापरतात. पोलादाचा ताठरपणा सागवानाच्या सतरा-अठरापट असतो, त्यामुळे बेताच्या उंचीच्या गर्डरवर काम भागते. पण गर्डर दोन टोकांना ज्या खांबांवर टेकतो, त्यांच्यावर आता मधल्या खांबाचाही भार येतो. तो त्यांना आणि त्यांच्याखालच्या जोत्याला पेलवेल का, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय खांबाला हात लावू नये. वरच्या मजल्यावर माणसे राहत असताना हा हिशेब न करणे जिवावर बेतू शकते.

भाराचा दुसरा प्रश्न फरशीचा. माडीच्या कडीपाटावर पाच सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट टाकले, तर दर चौरस मीटरला १२० किलोग्रॅम भार वाढतो. वीस चौरस मीटरच्या खोलीत तो २,४०० किलोग्रॅम होतो. त्यावर फरशीचे वजन वेगळे. गच्चीवर एक हजार लिटरची पाण्याची टाकी बसवली, तर भरल्यावर तिच्यातील पाणीच एक टन भरते. याउलट कडीपाटावरचा दहा सेंटिमीटर मातीचा थर काढला, तर दर चौरस मीटरला दीडशे किलोग्रॅमहून अधिक भार कमी होतो. जाणते वास्तुरचनाकार आधी जमाखर्च मांडतात: किती वजन उतरवले आणि किती चढवले. हिशेब जमेत राहिला तरच पुढचे काम.

भिंतीतून चालणारी उष्णता

आता भिंतीकडे वळू. वाड्याच्या बाहेरच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. पाच मीटर लांबीची ४५ सेंटिमीटरची भिंत काढून तेथे १५ सेंटिमीटरची भिंत बांधली, तर दीड चौरस मीटर, म्हणजे सुमारे सोळा चौरस फूट जागा मिळते. पेठेतील जागेचे भाव पाहता हा मोह मोठा आहे. पण त्या बदल्यात आपण काय गमावतो?

ऊन भिंतीवर पडले की बाहेरचा पृष्ठभाग तापतो. ती उष्णता वहनाने आत सरकू लागते. परंतु वाटेतला प्रत्येक थर आधी स्वतः तापतो आणि मग उरलेली उष्णता पुढे देतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात: उष्णतेची लाट आत जाताना दुबळी होते आणि तिला उशीरही होतो. दिवस-रात्रीच्या चोवीस तासांच्या चक्राचे गणित मांडले, तर विटांच्या किंवा मातीच्या भिंतीत ढोबळ मानाने असे दिसते, की दर १२ सेंटिमीटरला तापमानातील चढउतार सुमारे ३७ टक्क्यांवर येतो आणि लाट जवळजवळ चार तास मागे पडते.

आता भिंतीच्या बाहेरच्या बाजूचे तापमान पहाटे २० अंश आणि दुपारी ५० अंश सेल्सिअस, म्हणजे चढउतार ३० अंशांचा, असे समजू. भिंत अर्ध्या विटेची, १२ सेंटिमीटरची असेल, तर आतल्या बाजूला सुमारे ११ अंशांचा चढउतार उरेल आणि दुपारी दोनची तापलेली लाट संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे माणसे घरी परतण्याच्या वेळी, खोलीत पोचेल. भिंत ३६ सेंटिमीटरची असेल, तर चढउतार तीनदा ३७ टक्क्यांवर येऊन जेमतेम दीड अंश उरेल आणि दुपारी दोनची लाट पोचेल रात्री दीड वाजता! तोपर्यंत बाहेरची हवा थंड झालेली असते आणि खिडकी उघडली की काम भागते. खऱ्या भिंतीत हे आकडे थोडे वेगळे येतील, पण चित्र हेच राहील.

ही युक्ती पुण्यात चांगली साधते, कारण येथे एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, पण पहाटे तो २०-२२ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावी दिवस-रात्रीतला फरक थोडा, म्हणून तेथे जाड भिंतीपेक्षा वाऱ्याला महत्त्व अधिक.

रात्री खिडक्या उघड्या ठेवून दुपारी त्या मिटून घेण्याची आजीबाईंची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा मावते. तिचे वस्तुमान सुमारे ७२ किलोग्रॅम. ती एक अंशाने तापवायला ७२ किलोज्यूल उष्णता पुरते. त्याच खोलीच्या चारी भिंतींचा आतला केवळ दहा सेंटिमीटरचा थर धरला, तर त्याचे वस्तुमान नऊ हजार किलोग्रॅमच्या घरात जाते आणि तो एक अंशाने तापवायला हवेच्या सुमारे शंभरपट उष्णता लागते. म्हणजे रात्री थंड झालेली भिंत हा थंडाव्याचा मोठा साठा आहे. नव्या सजावटीत याच भिंतींना आतून लाकडी तक्ते किंवा जिप्समचे पत्रे ठोकले, की साठा पडद्याआड जातो. मग खोली थंड करण्याचे काम एकट्या यंत्राला करावे लागते.

छप्पर आणि चौक

वाड्याची कौले फुटली की त्या जागी पत्रा घालणे स्वस्त पडते. पण मेच्या दुपारी तापलेला जुना गंजका पत्रा सहज ६० अंशांवर जातो. प्रत्येक तापलेली वस्तू प्रारणाने उष्णता बाहेर टाकते आणि हे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ६० अंशांचा पत्रा आणि खालची ३५ अंशांची खोली यांचा हिशेब केला, तर पत्र्याच्या दर चौरस मीटरमधून खोलीकडे जवळजवळ पावणेदोनशे वॅट उष्णता येत राहते. दहा चौरस मीटर पत्रा म्हणजे डोक्यावर सतत चालू असलेली पावणेदोन किलोवॅटची शेगडीच! कौले, त्याखाली हवेचा थर आणि त्याखाली फळ्यांची तक्तपोशी या तीन पडद्यांनी हे प्रारण अडवलेले असते. पत्राच घालायचा झाला, तर त्यावर पांढरा रंग द्यावा आणि खाली हवेची पोकळी सोडून उष्णतारोधक थर बसवावा. काम झाले पाहिजे. कशाने झाले याला महत्त्व नाही.

चौक हे वाड्याचे धुराडे आहे. खोल्यांतील उबदार हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला दिंडी दरवाजातून व खालच्या खिडक्यांतून गार हवा येते. आठ मीटर उंचीच्या चौकात आतल्या-बाहेरच्या हवेत पाच अंशांचा फरक असला, तर हा ओघ सैद्धांतिक दृष्ट्या सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने वाहू शकतो. घर्षणामुळे तो प्रत्यक्षात कमी असतो. पाऊस आणि धूळ नको म्हणून अनेक ठिकाणी चौकावर काच किंवा ॲक्रिलिकचे छत घालतात. छत चारी बाजूंनी बंद केले, की हवेचा मार्ग खुंटतो. शिवाय काचेतून ऊन आत येते आणि आतून निघणारे अवरक्त प्रारण अडते. चौकाचे हरितगृह होते. तेच छत भिंतींच्या वर दोन-तीन फूट उचलून चारी बाजूंना झडपा ठेवल्या, तर पाऊसही अडतो आणि धुराडेही चालू राहते.

भिंतीतील पाणी

आतापर्यंतच्या चुका घर गैरसोयीचे करतात किंवा लगेच दिसून येतात. पाण्याची चूक दिसत नाही, आणि वाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू तोच आहे.

वीट, माती आणि चुना यांच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. केशाकर्षणाने जमिनीतील पाणी त्यांतून वर चढते. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी दीड सेंटिमीटर चढते. त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर दीड मीटर चढू शकते. पावसाळ्यात पुण्याच्या पेठांतील जमीन ओली असते, म्हणजे पाण्याला तोटा नाही. मग वाडे दोनशे वर्षे टिकले कसे?

उत्तर आहे बाष्पीभवन. पाणी खालून चढत होते, पण भिंतीच्या दोन्ही पृष्ठभागांवरून ते वाफ होऊन उडूनही जात होते. चुन्याचा गिलावा आणि त्यावरची सफेदी वाफेला अडवीत नाही. जितके पाणी वर चढे तितके उडून जाई, आणि ओल जोत्याच्या जरा वर, हातभर उंचीवर थांबून राही.

चुन्याची ही करामत समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र आठवू. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो फसफसून विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळीत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, ताग असे पदार्थ घालीत. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. तयार झालेला थर सच्छिद्र आणि काहीसा मऊ असतो. इमारत किंचित हलली, तर तोही थोडा हलतो. बारीक चिरा पडल्या, तर पाण्यात विरघळलेला चुना त्यांत पुन्हा साचून काही चिरा बुजतातही.

पोर्टलंड सिमेंटचे एकस्व जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ च्या सुमारास सिमेंट तयार होऊ लागले. म्हणजे पेशवाईतील वाड्यांना सिमेंट ठाऊकच नव्हते. सिमेंट वाईट नाही. काँक्रीटच्या इमारतीत त्याला तोड नाही. पण जुन्या, मऊ, ओल पिणाऱ्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा आणि त्यावर तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग दिला, की वाफेचा मार्ग बंद होतो. जमिनीतले पाणी तर थांबत नाही. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ते आणखी वर चढते. आपल्याला वाटते ओल गेली. प्रत्यक्षात ती भिंतीच्या आत चढत असते.

पाण्याबरोबर जमिनीतील क्षारही वर येतात. पाणी जेथे उडते तेथे क्षारांचे स्फटिक होतात. भिंतीला लोणा लागतो तो हाच. हे स्फटिक गिलाव्याच्या मागे, विटेच्या छिद्रांत वाढू लागले, तर त्यांच्या दाबाने वीट भुरभुरू लागते आणि गिलाव्याचे मोठे पापुद्रे सुटतात.

आता मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट आठवा. तुळयांची आणि कड्यांची टोके बाहेरच्या भिंतींत रुतलेली आहेत. या भिंती जमिनीच्या ओलीने, गळक्या पन्हळीने किंवा माडीवर नव्याने केलेल्या न्हाणीघराच्या पाझराने भिजतात. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असते, तोवर बुरशीला तेथे जीव धरता येत नाही. ते त्याच्यावर जाऊन टिकले की कुजण्याचा धोका सुरू होतो आणि ओल्या जागी वाळवीही येते. सागाचा गाभा फार टिकाऊ, पण तोही अमर नाही. खोलीतून पाहावे तर तुळई धडधाकट दिसते. भिंतीतले टोक मात्र भुसा झालेले असते. त्यात खाली प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे छत लावून कडीपाट झाकला असेल, तर पाण्याचा डागही दिसत नाही आणि वाराही लागत नाही. पुणे महानगरपालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि तरीही एखादी भिंत कोसळल्याची बातमी येते. त्यामागे बऱ्याचदा अशी वर्षानुवर्षांची ओल असते.

म्हणून जुन्या भिंतीची दुरुस्ती शक्यतो चुन्यातच करावी. न्हाणीघरे एकाखाली एक आणि बाहेरच्या बाजूला घ्यावीत, म्हणजे नळ उघडे राहतात आणि गळती लगेच कळते. नवे छत लावायचेच असेल, तर तुळयांची टोके तपासता येतील अशी झाकणे त्यात ठेवावीत.

उजेड आणि तारा

वाड्यातील माजघरे अंधारी, ही तक्रार खरी आहे, आणि येथे नवी सजावट मोठी मदत करू शकते. खोलीत आलेला प्रकाश भिंतीवर आपटतो, काही शोषला जातो, उरलेला परत फिरतो आणि दुसऱ्या भिंतीवर आपटतो. भिंती ५० टक्के प्रकाश परावर्तित करीत असतील, तर एकूण प्रकाश १ + ०.५ + ०.२५ + ... या भूमिती श्रेढीने मिळतो; तिची बेरीज २. भिंती व छत पांढरे असून ८० टक्के प्रकाश परत देत असतील, तर बेरीज १ भागिले ०.२, म्हणजे ५. खिडकी तीच, पण उजेड अडीचपट! दिव्यांची संख्या वाढवण्यापूर्वी हा फुकटचा उजेड घ्यावा. चौकाकडच्या भिंतीला चुन्याची पांढरी सफेदी दिली, तर चौकातला प्रकाश खालच्या ओसरीपर्यंत पोचतो.

शेवटची गोष्ट विजेच्या तारांची. दोन पंखे आणि चार दिवे यांच्यासाठी घातलेल्या जुन्या तारेतून सुमारे दोन अँपिअर प्रवाह वाहत असे. तिलाच वातानुकूलन यंत्र जोडले, की प्रवाह आठ अँपिअरच्या घरात जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह चौपट, म्हणून उष्णता सोळापट. आणि ही तार गेलेली असते कोरड्या लाकडाला चिकटून. १८२८ सालच्या आगीची आठवण ठेवून, नूतनीकरणात पहिला खर्च नव्या, योग्य जाडीच्या तारांवर आणि प्रवाह वाढताच तो तोडणाऱ्या स्वयंचलित खटक्यांवर करावा. रंग आणि फर्निचर त्यानंतर.

करून पाहा

भिंतीतील पाण्याचा प्रयोग शाळेत सहज करता येईल. एकाच भट्टीच्या दोन साध्या, कोरड्या विटा घ्या. एक जशीच्या तशी ठेवा. दुसरीच्या चारही उभ्या बाजूंना तैलरंग देऊन तो वाळू द्या. वरची व खालची लहान बाजू मोकळी ठेवा. दोन्ही विटा एका परातीत उभ्या करून परातीत दोन सेंटिमीटर पाणी भरा. पाणी कमी झाले की तेवढीच पातळी राखा. दर दोन तासांनी साध्या विटेवरची ओल किती उंच चढली ते खडूने खुणावा. रंगवलेल्या विटेची ओल बाहेरून दिसणार नाही; म्हणून तिच्या वरच्या मोकळ्या बाजूवर टीपकागद ठेवून तो कधी ओला होतो ते पाहा. दुसऱ्या दिवशी दोन्ही विटा पाण्याबाहेर काढून वजन करा आणि मग आठवडाभर रोज त्याच वेळी वजन करा. कोणती वीट लवकर वाळते, हे आलेखावर मांडले की चुन्याचा गिलावा आणि तैलरंग यांतला फरक निराळा सांगावा लागणार नाही. पाण्यात थोडे मीठ घालून हाच प्रयोग केलात, तर लोणा कोठे फुटतो तेही दिसेल.

शिक्षकांनी मनावर घेतले, तर आणखी एक पाहणी करता येईल. एखादी जाड भिंतीची जुनी खोली आणि एखादी पातळ भिंतीची नवी खोली निवडून, मालकांच्या परवानगीने, दोन्हींत एकेक तापमापक टांगावा. एप्रिल महिन्यात आठवडाभर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी तापमान नोंदवावे. खिडक्या केव्हा उघड्या आणि केव्हा बंद होत्या तेही लिहावे, कारण त्यावाचून आकड्यांचा अर्थ लागणार नाही. दोन्ही खोल्यांचे आलेख एकाच कागदावर काढले, की जुन्या खोलीची रेषा किती सपाट आहे आणि तिचा माथा किती तासांनी मागे पडला आहे ते मोजता येईल. तुमच्या घराच्या दुरुस्तीचा विषय पुढे कधी निघाला, तर तो कागद मोठ्या माणसांपुढे ठेवा.